पावले मोजण्याआधी : बास्केटबॉलमधील 'ट्रॅव्हलिंग' पंच कसे ओळखतात?

शालेय बास्केटबॉल स्पर्धांचा हंगाम सुरू झाला की जळगाव असो वा धुळे, मैदानाच्या कडेने एक आरोळी हमखास ऐकू येते. एखादा खेळाडू चेंडू घेऊन बास्केटकडे झेपावतो, बचाव करणाऱ्याला चकवून उडी घेतो आणि चेंडू जाळीत पडण्याआधीच प्रतिस्पर्धी संघाच्या बाजूने गलका होतो, "ट्रॅव्हल! ट्रॅव्हल!" मग सर्वांच्या नजरा पंचांकडे वळतात. शिट्टी वाजली तर एक बाजू नाराज होते, न वाजली तर दुसरी. पंचांना निर्णयासाठी मिळालेला वेळ असतो जेमतेम एका सेकंदाचा.

पिंप्राळा हे एकेकाळचे स्वतंत्र गाव आता जळगाव महापालिकेच्या हद्दीत आहे. अशा उपनगरातील शाळेचा संघ महापालिका स्तरावरील स्पर्धेत उतरतो, ग्रामीण भागातील शाळांचे संघ जिल्हा स्तरावर खेळतात आणि तेथून विजेत्यांची वाटचाल विभाग व राज्य स्तराकडे होते. हे सामने बहुधा बाद पद्धतीने खेळवले जातात. म्हणजे एक पराभव आणि वर्षभराचा सराव संपला. त्यातच शालेय स्पर्धांतील कामगिरीवर दहावी-बारावीच्या परीक्षेतील क्रीडा गुणांची सवलत अवलंबून असते. पुढे राज्य किंवा राष्ट्रीय पातळीपर्यंत मजल गेली तर शासकीय नोकरीतील खेळाडूंसाठीच्या पाच टक्के आरक्षणाचा दरवाजाही उघडू शकतो. साहजिकच शेवटच्या मिनिटात वाजलेली चुकीची शिट्टी ही केवळ दोन गुणांची बाब राहत नाही.

प्रेक्षकांचा समज साधा असतो : दोनपेक्षा अधिक पावले पडली की ट्रॅव्हलिंग. हा समज अगदीच चुकीचा नाही, पण अपुरा आहे. पावले मोजायची खरी, पण मोजणी कोठून सुरू करायची हे आधी ठरले पाहिजे. अनुभवी पंच आणि गलका करणारा प्रेक्षक यांच्यात फरक असतो तो याच ठिकाणी.

नियमाचा उगम

बास्केटबॉलमधील बहुतेक नियम काळाच्या ओघात जोडले गेले. २४ सेकंदांची मर्यादा नंतर आली, तीन गुणांची रेषा तर त्याहून नंतरची. ट्रॅव्हलिंगचा नियम मात्र खेळाच्या जन्मापासून त्याच्याबरोबर आहे. किंबहुना या नियमातूनच हा खेळ जन्माला आला असे म्हटले तरी चालेल.

डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफिल्ड येथील वायएमसीएच्या प्रशिक्षण संस्थेत जेम्स नायस्मिथ या शिक्षकावर हिवाळ्यात बंदिस्त जागेत खेळता येईल असा खेळ शोधण्याची जबाबदारी आली. मैदानी फुटबॉल लाकडी फरशीवर खेळवणे धोक्याचे होते. त्या खेळात खेळाडू एकमेकांना पाडतात ते का, असा प्रश्न नायस्मिथ यांनी स्वतःला विचारला. उत्तर सोपे होते : चेंडू घेऊन पळणाऱ्याला थांबवण्याचा दुसरा मार्गच नसतो. मग चेंडू घेऊन पळायलाच मनाई केली तर? पाडापाडीचे कारणच उरणार नाही. या एका विचारावर त्यांनी १३ नियमांचा खेळ रचला आणि व्यायामशाळेच्या सज्जाला पीच फळांच्या दोन टोपल्या टांगून तो खेळवला.

त्या १३ नियमांतील तिसरा नियम चेंडू घेऊन पळण्याविषयीचा आहे. चेंडू जेथे झेलला तेथूनच तो फेकावा, असे त्यात सांगितले आहे. पण त्याच नियमात नायस्मिथ यांनी एक सवलतही ठेवली. वेगाने धावत असताना चेंडू झेलणारा खेळाडू थांबण्याचा प्रामाणिक प्रयत्न करत असेल तर त्याला थोडी मुभा द्यावी. धावता माणूस जागच्या जागी थिजू शकत नाही, हे त्यांनी जाणले होते. ही 'थोडी मुभा' म्हणजे नेमकी किती, हे ठरवण्यासाठीच गेल्या शतकाहून अधिक काळ नियमपुस्तकात शब्दांची भर पडत आली आहे. आजचा शब्दबंबाळ नियम म्हणजे त्या एका सवलतीचे स्पष्टीकरण होय.

वायएमसीएच्याच माध्यमातून हा खेळ भारतात आला. महाराष्ट्रात मुंबईच्या नागपाड्याने त्याला घर दिले. तेथील अरुंद गल्ल्यांतून भारतीय संघाचे कर्णधार अब्बास मुंतसिर यांच्यासारखे खेळाडू घडले. १९८० च्या मॉस्को ऑलिम्पिकमध्ये भारतीय पुरुष संघ खेळला. पंचगिरीतही महाराष्ट्र मागे राहिला नाही. स्नेहल बेंडके यांनी भारतातील पहिल्या महिला आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल पंच होण्याचा मान मिळवला. परंतु मोठ्या शहरांबाहेर परिस्थिती वेगळी आहे. लहान गावांतील सामन्यांत पंचांचे काम अनेकदा क्रीडाशिक्षक किंवा माजी खेळाडू करतात. नियमांत झालेले बदल त्यांच्यापर्यंत पोहोचले नाहीत, तर त्याची किंमत खेळाडूंना मोजावी लागते.

पहिला प्रश्न : चेंडू ताब्यात कधी आला?

ट्रॅव्हलिंग हा नियमभंग चेंडू हातात धरलेल्या खेळाडूकडूनच होऊ शकतो. चेंडू जमिनीवर आपटत नेत असताना, म्हणजे ड्रिबलिंग सुरू असताना, पावलांवर कोणतीही मर्यादा नसते. चेंडूची एक टप्प्याची उसळी उंच गेली आणि त्या दरम्यान खेळाडूने चार पावले टाकली तरी त्यात गैर काही नाही. चेंडू हातावरून निसटला आणि तो पकडण्यासाठी खेळाडू धडपडत चार-पाच पावले पुढे गेला, तरीही ट्रॅव्हलिंग होत नाही, कारण त्या वेळी चेंडू त्याच्या ताब्यातच नसतो.

म्हणून पंचांचे पहिले काम पायांकडे पाहण्याचे नसून हातांकडे पाहण्याचे आहे. ड्रिबल कधी संपतो? खेळाडूने दोन्ही हातांनी एकाच वेळी चेंडूला स्पर्श केला, किंवा चेंडू एका वा दोन्ही हातांत विसावू दिला, की ड्रिबल संपला. त्या क्षणी खेळाडूचे पाय कोठे होते, हे पंचांच्या डोळ्यांनी टिपले पाहिजे. मोजणी तेथून सुरू होते.

चुकीच्या शिट्ट्यांपैकी पुष्कळशा येथेच जन्म घेतात. चेंडू जमिनीवरून उसळून वर येत असताना खेळाडूचे एक पाऊल पडते. चेंडू हातात येतो तो त्यानंतर. घाईत असलेला पंच मात्र ते पाऊलही हिशेबात धरतो आणि तिसऱ्या पावलाला शिट्टी फुंकतो. प्रत्यक्षात ती दोनच पावले असतात.

दुसरा प्रश्न : पिव्हट पाय कोणता?

भूमितीच्या पेटीतील कंपासचे एक टोक कागदावर रोवलेले असते आणि दुसरे त्याभोवती फिरते. बास्केटबॉलमध्ये चेंडू धरून उभ्या असलेल्या खेळाडूचेही तसेच आहे. एक पाय जागेवर रोवून दुसरा त्याने कितीही वेळा, कोणत्याही दिशेने हलवावा. रोवलेल्या पायाला पिव्हट पाय म्हणतात. त्याच्या चवड्यावर गिरकी घेता येते, पण तो पाय मूळ जागेवरून घसरता कामा नये.

दोन्ही पाय जमिनीवर असताना चेंडू झेलला, तर कोणताही पाय पिव्हट म्हणून वापरण्याचे स्वातंत्र्य असते. एक पाय उचलला की दुसरा आपोआप पिव्हट ठरतो. त्यानंतर दोन वेगवेगळे नियम लागू होतात आणि त्यांचीच सर्वाधिक गल्लत होते.

खेळाडूला ड्रिबल सुरू करायचा असेल, तर पिव्हट पाय उचलण्याआधी चेंडू हातातून सुटला पाहिजे. मात्र पास द्यायचा किंवा बास्केटवर चेंडू टाकायचा असेल, तर पिव्हट पाय उचलता येतो, त्यावर उडीही घेता येते. अट एवढीच की चेंडू हातातून सुटेपर्यंत पाय पुन्हा जमिनीला लागता कामा नये. म्हणजे पिव्हट पाय उचलणे हाच गुन्हा नव्हे. उचलल्यानंतर खेळाडू काय करतो, त्यावर तो गुन्हा ठरतो. पाय उचलला की लगेच शिट्टी फुंकणारा पंच खेळाडूचा न्याय्य शॉट हिरावून घेतो. याउलट, पाय उचलून मग ड्रिबल सुरू करणाऱ्याला मोकळे सोडणारा पंच बचाव करणाऱ्यावर अन्याय करतो, कारण त्या अर्ध्या पावलाच्या चोरीने बचावपटू मागे पडलेला असतो.

२०१७ चा बदल : शून्य पाऊल

धावत्या खेळाडूच्या बाबतीत आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे 'फिबा'ने, ऑक्टोबर २०१७ पासून महत्त्वाचा बदल अमलात आणला. तो समजून घेण्यासाठी लेअपचे उदाहरण घेणे सोयीचे ठरेल.

उजव्या हाताचा खेळाडू ड्रिबल करत बास्केटकडे धावत आहे. त्याने चेंडू दोन्ही हातांत घेतला त्या क्षणी त्याचा उजवा पाय जमिनीवर होता. त्यानंतर डावा पडला, मग पुन्हा उजवा आणि त्यावर उडी घेऊन त्याने चेंडू टाकला. जुन्या नियमाच्या अक्षरानुसार चेंडू ताब्यात येताना जमिनीवर असलेला उजवा पाय पिव्हट ठरत असे आणि तो पुन्हा जमिनीला लागताच ट्रॅव्हलिंग होत असे. नव्या नियमानुसार चेंडू ताब्यात येताना जमिनीवर असलेल्या पावलाची गणना होत नाही. पंच आणि प्रशिक्षक त्याला 'शून्य पाऊल' म्हणतात. पहिले पाऊल म्हणजे चेंडू ताब्यात आल्यानंतर जमिनीला लागलेला पाय. त्यामुळे वरील उदाहरणात डावा पाय एक आणि उजवा पाय दोन. हा लेअप पूर्णपणे नियमात बसतो.

या सवलतीच्या सीमाही नीट लक्षात ठेवल्या पाहिजेत. पहिली, ती धावत असलेल्या खेळाडूसाठी आहे. जागेवर उभे राहून चेंडू झेलणाऱ्याला शून्य पाऊल मिळत नाही. त्याला पिव्हटचाच नियम लागू होतो. दुसरी, धावताना पास झेलून खेळाडूला पुढे ड्रिबल सुरू करायचा असेल, तर दुसरे पाऊल पडण्याआधी चेंडू हातातून सुटला पाहिजे. तिसरी, एकाच पायाने लंगडी घातल्यासारखा लागोपाठ दोनदा जमिनीला स्पर्श करून ही दोन पावले भरून काढता येत नाहीत. लंगडीच्या खेळात जे कौशल्य, ते येथे नियमभंग ठरते.

थांबण्याच्या पद्धतीवरूनही पुढचे हक्क ठरतात. हवेत चेंडू झेलून खेळाडू दोन्ही पायांवर एकाच वेळी उतरला, तर तो कोणताही पाय पिव्हट करू शकतो. एका पायावर उतरला, तर पिव्हट त्याच पायाचा. पण पहिले पाऊल एका पायाने टाकून, त्यावर उडी घेऊन तो दोन्ही पायांवर एकदम थांबला, तर दोन्ही पावले संपली. आता त्याला कोणत्याही पायावर गिरकी घेता येत नाही. पास किंवा शॉट एवढेच पर्याय उरतात. बाहेरून पाहणाऱ्याला हे दोन्ही थांबे सारखेच दिसतात. पंचाने आधीचे पाऊल पाहिले असेल तरच त्याला फरक कळतो.

नजर कोठे असावी?

आषाढी एकादशीला पिंप्राळ्यात विठ्ठलाचा रथ निघतो. हजारो भाविकांच्या नजरा रथावरील मूर्तीकडे लागलेल्या असतात. चाकांशी मोगरी लावणारे मात्र वर पाहत नाहीत. रथाला वळण देणे आणि तो थांबवणे त्यांच्या हाती असते, म्हणून त्यांची दृष्टी चाकावर आणि रस्त्यावर खिळलेली असते. बास्केटबॉलच्या पंचाची स्थिती काहीशी अशीच आहे. सारे मैदान चेंडूच्या मागे बास्केटकडे पाहत असते, तेव्हा त्याने खाली, हात आणि पाय यांच्या मेळाकडे पाहायचे असते. चेंडू जाळीत गेला की नाही हे पाहायला इतर सगळे असतातच.

जिल्हा स्तरावरील सामन्यांत सहसा दोन पंच असतात. त्यांपैकी एक बास्केटजवळ, शेवटच्या रेषेच्या बाहेर उभा राहतो. त्याला लीड म्हणतात. दुसरा चेंडूच्या मागे, बाजूने येतो, तो ट्रेल. बास्केटपासून दूर चेंडू झेलून ड्रिबल सुरू करणाऱ्या खेळाडूचे पाय ट्रेल पंचाला चांगले दिसतात. बास्केटखालच्या गर्दीतील गिरक्या लीड पंचाला दिसतात. दोघांनी एकाच जागी डोळे लावले तर मैदानाचा उरलेला भाग वाऱ्यावर पडतो.

अंतर आणि कोन यांनाही महत्त्व आहे. खेळाडूच्या अगदी जवळ उभे राहिल्यास फक्त छाती आणि खांदे दिसतात, पाय नजरेच्या चौकटीबाहेर जातात. एक-दोन पावले मागे सरकल्यास हात आणि पाय एकाच दृष्टिक्षेपात येतात. पंच खेळाडूच्या पाठीमागे असेल तर चेंडू हातात कधी आला हे त्याला कळूच शकत नाही. त्यामुळे खेळाडू आणि त्याचा बचावपटू यांच्यामधील मोकळी फट दिसेल अशी जागा पंचाला सतत शोधत राहावी लागते. चांगली पंचगिरी निम्मी शिट्टीत आणि निम्मी पायांत असते, ती याच अर्थाने.

दुसरी महत्त्वाची सवय म्हणजे खेळाडूने चेंडू झेलताच मनातल्या मनात पिव्हट पायाची नोंद करणे. 'डावा' किंवा 'उजवा' एवढा एक शब्द पुरतो. ही नोंद नसेल, तर पुढच्या गिरक्यांत पंच हरवतो आणि मग निर्णय डोळ्यांऐवजी अंदाजाने दिला जातो. हालचाल विचित्र दिसली, पाय अडखळले, चेंडू वेड्यावाकड्या रीतीने गेला, म्हणजे काहीतरी चुकले असणार, अशी ही शिट्टी असते. कुरूप दिसणारी प्रत्येक हालचाल बेकायदा नसते आणि देखणी दिसणारी प्रत्येक हालचाल कायदेशीरही नसते.

दिसते तसे नसते

मैदानावर वारंवार वादाला कारण ठरणारे काही प्रसंग वेगळे काढून पाहण्याजोगे आहेत.

खेळाडू चेंडू धरून पडला आणि वेगाच्या भरात फरशीवर घसरत गेला, तर तो नियमभंग नाही. पडलेल्या अवस्थेत चेंडू ताब्यात घेणेही नियमाला धरून आहे. पण त्यानंतर चेंडू धरून तो लोळला किंवा उठून उभा राहू लागला, तर ट्रॅव्हलिंग होते. बसल्या जागेवरून पास देणे हा त्याच्यासाठी सुरक्षित मार्ग.

खेळाडूने शॉटसाठी उडी घेतली, विचार बदलला आणि चेंडू हातात ठेवूनच तो खाली आला, तर निर्णय स्पष्ट आहे : ट्रॅव्हलिंग. मात्र हवेत असताना बचावपटूनेही चेंडूवर घट्ट पकड मिळवली आणि दोघे एकत्र खाली आले, तर तो हेल्ड बॉल होतो, ट्रॅव्हलिंग नव्हे.

खेळाडूने टाकलेला शॉट रिंगला न लागता खाली आला आणि त्यानेच तो झेलला, तर हमखास ओरड होते. फिबाच्या नियमांत, पंचाच्या मते तो खराखुरा शॉटचा प्रयत्न असेल, तर आपलाच चेंडू असा परत घेण्यास हरकत नाही. शॉटचे सोंग करून चेंडू स्वतःलाच पुढे फेकलेला असेल, तर मात्र तो नियमभंग आहे. येथे पंचाला हेतू पारखावा लागतो.

दोन पावले वेगवेगळ्या दिशांना टाकून बचावपटूला चकवणारी 'युरो स्टेप' पाहून आजही अनेकांचा हात वर जातो. अर्जेंटिनाच्या मानू जिनोबिलीने ही चाल अमेरिकेतील एनबीए स्पर्धेत लोकप्रिय केली. पहिले पाऊल डावीकडे, दुसरे उजवीकडे आणि मग उडी. पावले दोनच असल्याने ती नियमात बसते. पावलांची दिशा कोणती असावी यावर नियमाचे कोणतेही बंधन नाही.

सर्वांत अवघड प्रसंग धक्क्याचा असतो. बचावपटूच्या धक्क्याने तोल जाऊन खेळाडूची जादा पावले पडली, तर ट्रॅव्हलिंगचे मूळ कारण तो धक्का आहे. आधी फाउल घडला, म्हणून फाउलच दिला पाहिजे. पायांवर खिळलेल्या नजरेतून वरचा हात सुटला, तर ज्याला धक्का बसला त्यालाच शिक्षा होते. याच्या उलटही घडते. खेळाडूने आधीच तिसरे पाऊल टाकले आणि मग बास्केटखाली साधी धक्काबुक्की झाली, तर आधी झालेला नियमभंग ग्राह्य धरला जातो. घटनांचा क्रम लावणे, हेच येथे न्यायाचे काम.

टीव्हीवरचा खेळ आणि शाळेचे मैदान

केबल आणि पुढे मोबाइलमुळे एनबीएचे सामने खानदेशातल्या घराघरांत पोहोचले. मुले ते पाहून शिकतात आणि मैदानावर तसेच करू पाहतात. "टीव्हीवर तर हे चालते," हा युक्तिवाद पंचांना वरचेवर ऐकावा लागतो. एनबीएचे नियमपुस्तक वेगळे आहे. ड्रिबल संपल्यावर दोन पावलांची मुभा त्यांनी २००९ मध्ये स्पष्ट शब्दांत लिहिली आणि चेंडू गोळा करण्याची, म्हणजे 'गॅदर'ची, व्याख्या २०१९ मध्ये अधिक नेमकी केली. भारतातील शालेय आणि संघटनांच्या स्पर्धा फिबाच्या नियमांनुसार खेळल्या जातात. २०१७ नंतर दोन्ही नियमांतील अंतर पुष्कळ कमी झाले असले तरी ते एकच आहेत असे मानणे चुकीचे ठरेल.

यातून एक विचित्र पेच उभा राहतो. मुलगा नवा नियम पडद्यावर पाहून शिकलेला असतो आणि मैदानावरील पंच मात्र आपल्या खेळण्याच्या काळातील जुन्या नियमाने शिट्टी वाजवत असतो. मुलाचे शून्य पाऊल योग्य असूनही त्याला चेंडू गमवावा लागतो. असे दोन-तीनदा झाले की तो झेप घेणेच सोडतो. चुकीच्या शिट्टीचे हे नुकसान गुणफलकावर दिसत नाही, पण ते खोलवर जाते. दुसऱ्या टोकाला, "लहान मुले आहेत, खेळू द्या" या दयाबुद्धीने पिव्हटच्या उघड चुकाही सोडून देणारे पंच असतात. त्या मुलांची चूक सवयीत मुरते आणि विभागीय स्पर्धेत अनोळखी पंचासमोर ती उघडी पडते. तेव्हा दोष पंचाला दिला जातो. खरे तर तो आधीच्या प्रत्येक न वाजलेल्या शिट्टीचा असतो.

पुन्हा पाहण्याची सोय नाही

क्रिकेटमध्ये गोलंदाजाचा पाय रेषेबाहेर पडला की नाही, हे पाहण्याचे काम आंतरराष्ट्रीय सामन्यांत २०२० पासून तिसऱ्या पंचाकडे सोपवले गेले. कबड्डीत बोनस रेषा ओलांडताना चढाईपटूचा मागचा पाय हवेत होता का, हे व्यावसायिक सामन्यांत चित्रफितीवर तपासता येते. बास्केटबॉलमध्येही मोठ्या स्पर्धांत पंचांना पडद्याची मदत घेता येते, पण कोणत्या गोष्टी तपासायच्या याची यादी फिबाने ठरवून दिली आहे. शॉट वेळेत सुटला का, तो दोन गुणांचा की तीन गुणांचा, अशा बाबी त्यात आहेत. ट्रॅव्हलिंग त्या यादीत नाही. ऑलिम्पिकचा अंतिम सामना असो वा शाळेचा पहिला, या बाबतीत पंचाचा डोळा हाच पहिला आणि शेवटचा पुरावा आहे.

म्हणून पंचांच्या वर्गात नवोदितांना सांगितली जाणारी शिस्त सोपी पण कठोर असते. चेंडू ताब्यात आल्याचा क्षण दिसला का? पिव्हट पाय किंवा पहिले पाऊल दिसले का? त्यानंतरची चूक दिसली का? तिन्हींचे उत्तर 'हो' असेल तरच शिट्टी. एकाचेही उत्तर 'बहुधा' असेल, तर खेळ पुढे जाऊ द्यावा. न दिसलेला नियमभंग सुटला, तर ती पंचाची मर्यादा असते. न घडलेला नियमभंग दिला, तर ती चूक असते.

शिट्टी दिल्यावर संकेतही स्वच्छ हवेत. हाताचा पंजा उघडा ठेवून वर करायचा, म्हणजे घड्याळ थांबते; मूठ वर केली तर त्याचा अर्थ फाउल होतो. मग दोन्ही मुठी एकमेकींभोवती फिरवायच्या, हा ट्रॅव्हलिंगचा संकेत. शेवटी ज्या संघाला चेंडू मिळणार त्याच्या खेळाची दिशा दाखवायची. नियमभंग झाला त्याच्या जवळच्या जागेवरून प्रतिस्पर्धी संघ रेषेबाहेरून चेंडू आत टाकतो. नियमभंगानंतर चेंडू जाळीत गेला असला तरी ते गुण धरले जात नाहीत. ठाम आणि शांत संकेत पाहून अर्धा वाद तेथेच मिटतो. रेंगाळत वर गेलेला हात वादाला आमंत्रण देतो.

पंचाला एक गोष्ट आणखी करता येते. खेळ थांबलेला असताना खेळाडूने अदबीने विचारले, तर एका वाक्यात कारण सांगायचे : "ड्रिबल सुटण्याआधी उजवा पाय उचलला." एवढ्याने निर्णय बदलत नाही, पण मुलाला आपला कोणता पाय चुकला हे कळते आणि पुढच्या वेळी तो पाय जागेवर राहतो. "ट्रॅव्हल आहे, वाद नको," या उत्तराने काहीच शिकता येत नाही. प्रशिक्षकांनीही सरावात हेच करायला हवे. लेअप शिकवताना 'एक, दोन, उडी' म्हणण्याआधी चेंडू हातात येण्याचा क्षण मुलांना ओळखता आला, तर मैदानावरील निम्मे तंटे उद्भवणारच नाहीत.

नायस्मिथ यांनी चेंडू घेऊन पळण्यास मनाई केली ती खेळाडूंनी एकमेकांना पाडू नये म्हणून, आणि त्याच नियमात सवलत ठेवली ती माणसाच्या पायांना वेग असतो हे ठाऊक असल्याने. मनाई आणि सवलत यांच्यामधली ती चिंचोळी जागा आजही पंचालाच राखावी लागते. जळगाव-धुळ्याच्या मैदानांवर पुढच्या हंगामात पुन्हा "ट्रॅव्हल!"चा गलका होईल, तेव्हा प्रेक्षकांनीही एकदा चेंडूवरून नजर काढून पायांकडे पाहायला हरकत नाही. आपण ओरडलो तो नियमभंग खरोखर घडला होता का, याचे उत्तर तेथेच मिळेल.